दुसऱ्याच्या खिशातली आशा

७ मे २०१२. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातलं ब्लॅकबर्न गाव. इवुड पार्क मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्स विरुद्ध विगन अशी मॅच चालू आहे. आज हरलो तर प्रीमियर लीगमधून बाहेर, हे रोव्हर्सच्या प्रत्येक चाहत्याला माहीत आहे. अशा मॅचमध्ये कुणीतरी मैदानात एक जिवंत कोंबडी सोडतं. तिच्या अंगावर क्लबचा झेंडा गुंडाळलेला. विगन ती मॅच १-० अशी जिंकतं. ब्लॅकबर्न खालच्या श्रेणीत जातं, आणि त्यानंतर ते प्रीमियर लीगमध्ये परतलेलं नाही.

कोंबडीच का? कारण क्लबचे मालक पुण्याचे. आपले वेंकीज. अंडी, पिल्लं, फ्रोझन नगेट्स यांच्या पाकिटावर जे नाव आपण लहानपणापासून बघत आलो, त्याच नावाच्या समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये हा क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला होता. मी पुण्यात वाढलो. त्या कोंबडीचा व्हिडिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसू आलं, आणि लगेच थोडा रागही आला. आपल्या गावच्या माणसांची चेष्टा चाललीय असं वाटलं. बऱ्याच वर्षांनी तो पुन्हा पाहिला तेव्हा मालकांपेक्षा कोंबडी सोडणाऱ्याचा विचार जास्त आला. घरून निघताना त्याने कोंबडी बरोबर घेतली असेल, तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय असेल? दीड वर्षापूर्वी हे मालक आले तेव्हा तोही इतरांसारखाच म्हणाला असेल का, ‘आता पैसा येणार, चांगले खेळाडू येणार, आता आपण वाचलो’?

या लेखातला प्रश्न तिथून सुरू होतो. आपल्या सगळ्यात लाडक्या गोष्टीचं भवितव्य एका अनोळखी माणसाच्या खिशावर अवलंबून असेल, तर त्याच्याकडून आशा करायचा आपल्याला हक्क आहे का? आणि ती आशा करताना आपण नकळत काय काय देऊन बसतो?

आधी रेलिगेशन म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण आयपीएल बघत मोठं झालेल्या आपल्याला ही भीती ओळखीची नाही. आयपीएलमध्ये शेवटचा नंबर आला तर चार दिवस मीम्स होतात, आणि पुढच्या वर्षी तीच टीम त्याच स्पर्धेत नव्या लिलावासह उभी राहते. इंग्लिश फुटबॉलमध्ये तसं नाही. प्रीमियर लीगमध्ये २० संघ. मोसमाच्या शेवटी तळाचे ३ संघ खालच्या श्रेणीत जातात आणि खालचे ३ वर येतात. खाली गेलं की टीव्ही हक्कांचा पैसा कोसळतो. काही वर्षं ‘पॅराशूट पेमेंट’ नावाची मदत मिळते, पण ती संपते. चांगले खेळाडू विकावे लागतात, क्लबमधल्या साध्या नोकऱ्या जातात, मॅचच्या दिवशी चालणारं हॉटेल, पब, स्कार्फ विकणारा, सगळ्यांचं उत्पन्न आटतं. ब्लॅकबर्नसारख्या जुन्या कापडगिरण्यांच्या गावाचं नाव जगाला माहीत असतं ते या क्लबमुळे. तो घसरला की गावही नकाशावरून थोडं पुसट होतं.

म्हणून ‘नवा मालक पैसा ओतू दे आणि आपण वाचू दे’ असं म्हणणाऱ्या चाहत्याला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे. बुडणारा माणूस दोरीची किंमत विचारत नाही.

पण दोरी टाकणारा कोण आहे, हे बघावं लागतं. निदान पाण्यातून वर आल्यावर तरी.

ब्लॅकबर्नच्या बाबतीत नेमकं काय झालं ते बघण्यासारखं आहे, कारण ‘मालकांनी पैसा दिला नाही म्हणून क्लब बुडाला’ इतकी ती गोष्ट सोपी नाही. मालक आले, आणि महिन्याभरातच मॅनेजर सॅम अलरडाइस यांना काढलं. तेव्हा संघ तेराव्या क्रमांकावर होता. त्यांच्या जागी स्टीव्ह कीन आले. तो मोसम शेवटच्या दिवशी कसाबसा निभावला. मग फिल जोन्स हा घरचा तरुण बचावपटू मँचेस्टर युनायटेडला विकला गेला. गोल करायला याकुबू आला, त्याने गोल केलेही, तरी २०१२ मध्ये संघ खाली गेला. खाली गेल्यावर मालकांनी हात आखडता घेतला असंही नाही. जॉर्डन रोड्ससाठी ८० लाख पौंड मोजले, आणि त्या श्रेणीसाठी ती फार मोठी रक्कम होती. पण त्याच मोसमात एक मॅनेजर ५७ दिवस टिकला आणि त्याच्यानंतरचा ६७ दिवस. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत गेला. पुढच्याच वर्षी वर आला, आणि तेव्हापासून दुसऱ्या श्रेणीत आहे. या सगळ्या काळात दरवर्षीचा तोटा मालकच भरत आले.

म्हणजे चाहत्यांनी जे मागितलं होतं ते बऱ्याच अंशी मिळालं. पैसा मिळाला. तरीही चाहते दुखावलेले आहेत. त्यांची तक्रार ऐकली तर तिच्यात रक्कम क्वचित येते. मालक मॅचला दिसत नाहीत, बोलत नाहीत, निर्णय कोण घेतं ते कळत नाही, आमच्या प्रश्नाला उत्तर येत नाही, हेच पुन्हा पुन्हा येतं. ‘किती?’ हा प्रश्न घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला आत गेल्यावर कळलं, की आपल्याला खरं विचारायचं होतं ते वेगळंच.

इथे मराठीतले दोन शब्द कामाला येतात. आशा आणि अपेक्षा. आपण ते एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नाहीत. पावसाची आपण आशा करतो. दूधवाल्याकडून आपली अपेक्षा असते. पाऊस आला नाही तर आपण आभाळाकडे बघतो. दूध आलं नाही तर फोन करतो. आशेत समोरच्यावर काही बंधन नसतं. अपेक्षेत असतं. तिच्यामागे एक नातं असतं, देणंघेणं असतं, आणि ते मोडलं तर जाब विचारायचा हक्क असतो.

क्लब विकला जातो तेव्हा चाहत्याच्या बाबतीत हेच घडतं. वर्षानुवर्षं तिकीट काढणारा, पावसात उभा राहणारा, पोराला पहिल्यांदा मैदानावर घेऊन जाणारा माणूस खरं तर अपेक्षा करायच्या जागी असतो. पण रेलिगेशनच्या भीतीने तो अपेक्षा सोडून आशेवर येतो. मालक म्हणजे पाऊस. पडला तर पडला.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. एखादी संस्था घसरू लागली की तिच्या माणसांपुढे दोन मार्ग असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. आणि निष्ठा असली की माणूस पटकन निघून जात नाही, थांबून आवाज उठवतो, अशी ती मांडणी. आपलं मोबाइलचं सिम आठवा. नेटवर्क नीट मिळालं नाही की आपण नंबर पोर्ट करतो. कंपनीला ही भीती असते म्हणून ती थोडी तरी नीट वागते. पण फुटबॉलचा चाहता पोर्ट करू शकत नाही. ब्लॅकबर्नचा माणूस वैतागून बर्नलीचा चाहता होऊच शकत नाही. बर्नली पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, पण त्या दोन गावांचं हाडवैर आहे. तो फार तर घरी बसेल, आणि घरी बसूनही स्कोअर बघेल.

मग विचार करा, २ कोटी ३० लाख पौंडांत नक्की काय विकलं गेलं? मैदान, खेळाडूंचे करार, लीगमधली जागा. आणि ही कुठेही न जाऊ शकणारी निष्ठाही. ती ताळेबंदात दिसत नाही, पण क्लबला किंमत येते ती तिच्यामुळेच. ती निर्माण केली चाहत्यांच्या आज्या-पणज्यांनी. विकताना त्यांना कुणी विचारलं नाही आणि घेताना कुणी पैसे दिले नाहीत. म्हणून चाहता मालकाकडे काही मागतो तेव्हा तो भीक मागत नसतो. व्यवहारात त्याची सगळ्यात मौल्यवान वस्तू आधीच गेलेली असते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ब्लॅकबर्नचं सगळ्यात मोठं यशही पैशानेच आलं होतं की! जॅक वॉकर हा तिथलाच पोलाद-व्यापारी. त्याने आपला धंदा विकला आणि १९९१ मध्ये क्लब हाती घेतला. ॲलन शिअररला आणलं, केनी डॅलग्लिशला मॅनेजर केलं, आणि १९९५ मध्ये या लहानशा गावाने प्रीमियर लीग जिंकली. त्याआधीचं लीगचं विजेतेपद होतं १९१४ चं. तेव्हा इतर गावांचे लोक म्हणतच होते, की यांनी कप विकत घेतला. आज मैदानाबाहेर वॉकरचा पुतळा आहे. मग वॉकरचा पैसा प्रेमाचा आणि पुण्याचा पैसा परका, हा दुटप्पीपणा नाही का?

थोडा आहे. ‘आपला माणूस’ या शब्दात नेहमीच थोडा दुटप्पीपणा असतो. शिवाय वॉकरही काही गावात राहत नव्हता. कर कमी असलेल्या जर्सी बेटावर त्याने कधीच घर केलं होतं. पण एक फरक उरतो. तो रक्ताचा नाही, मातीचाही नाही. वॉकरला गावाने काय म्हटलं याने फरक पडत होता. लहानपणापासून ज्या संघाच्या मॅच पाहिल्या तोच त्याने घेतला होता. संघ हरला तर ज्यांच्यासमोर त्याला मान खाली घालावी लागली असती, ती माणसं खरी होती, ओळखीची होती. ही एक प्रकारची जबाबदारी झाली. कागदावर न लिहिलेली, पण असलेली. परगावचा माणूस ती घेऊच शकत नाही असं नाही. पण त्याला ती मुद्दाम घ्यावी लागते, कारण ती त्याला आपोआप लागू होत नाही. आणि तीही व्यक्तीच्या मर्जीवर सोडली तर व्यक्तीबरोबर संपते. वॉकर २००० मध्ये गेला. मग त्याच्या ट्रस्टने हळूहळू हात काढून घेतला आणि क्लब विकायला काढला. म्हणजे ज्या आशेवर गाव पुढे पुण्याकडे बघणार होतं, तिची सवय वॉकरच्या चांगुलपणानेच लावली होती.

आता पैशाच्या दुसऱ्या टोकाकडे बघू. न्यूकॅसल युनायटेड. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या पुढाकाराने हा क्लब साडेतीस कोटी पौंडांना विकत घेतला गेला. ८० टक्के हिस्सा निधीचा. तेव्हा संघ तळाशी होता, मोसमात एकही मॅच जिंकलेला नव्हता. आधीच्या मालकाच्या चौदा वर्षांत क्लब दोनदा रेलिगेट झाला होता. त्या दिवशी स्टेडियमबाहेर हजारो लोक नाचले. काहींनी अरबी पद्धतीचे डोक्याचे रुमाल बांधले.

तीन वर्षांपूर्वी पत्रकार जमाल खशोगी यांची इस्तंबूलमधल्या सौदी वकिलातीत हत्या झाली होती. हा निधी ज्यांच्या अध्यक्षतेखाली आहे त्या सौदी युवराजांनी त्या कारवाईला मंजुरी दिली होती, असा निष्कर्ष अमेरिकी गुप्तचरांच्या अहवालाने काढला होता. युवराजांनी तो आरोप नाकारला. निधी म्हणजे सौदी सरकार नव्हे, क्लबवर सरकारचं नियंत्रण राहणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचं प्रीमियर लीगने सांगितलं. नाचणाऱ्यांना हे सगळं माहीत नव्हतं असं नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ट्रान्सफर विंडो उघडली आणि चाहत्यांची आशा अक्षरशः पूर्ण झाली. ट्रिपियर आला, ब्रुनो गिमारेस आला, डॅन बर्न आला. आणि बर्नलीचा स्ट्रायकर क्रिस वुड आला. न्यूकॅसलने त्याच्या करारात ठरलेली अडीच कोटी पौंडांची रक्कम मोजली आणि बर्नलीला ‘नाही’ म्हणायला जागाच उरली नाही. बर्नलीही तळाशीच झगडत होतं. म्हणजे एका बुडणाऱ्याने दुसऱ्या बुडणाऱ्याच्या हातातली फळी विकत घेतली. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, २२ मे २०२२ ला, बर्नली आपल्याच मैदानावर २-१ असं हरलं आणि रेलिगेट झालं. समोरचा संघ होता न्यूकॅसल. न्यूकॅसलने अकरावा क्रमांक पटकावला होता.

यात बेकायदेशीर काही नाही. पण हा प्रसंग एक गोष्ट उघडी करतो. रेलिगेशन टाळायची आशा ही आरोग्य किंवा पावसाच्या आशेसारखी नाही. पाऊस तुमच्याकडे पडला म्हणून माझ्याकडे कमी पडतोच असं नाही. इथे मात्र ३ जागा ठरलेल्या आहेत. मी वाचलो म्हणजे कुणीतरी बुडालं. ‘आमचा मालक पैसा ओतू दे’ या वाक्याचा उरलेला अर्धा भाग असा असतो, ‘आणि त्यांचा मालक न ओतू दे’. मैदानावर जिंकतानाही दुसरा हरतोच, त्याचं वाईट वाटून घ्यायची गरज नाही. पण खेळून हरवणं आणि खिशाने हरवणं यात फरक आहे. खेळात हरलेला पुढच्या वेळी जास्त सराव करू शकतो. मालकाच्या श्रीमंतीचा सराव कसा करणार?

इथवर वाचून कुणी न्यूकॅसलचा पोरगा म्हणेल, ‘पुण्यात बसून तुम्हाला बोलायला काय जातं? मालक आम्ही निवडला का? विक्री आम्ही थांबवू शकत होतो का?’ त्याचं खरं आहे. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला. देशांतर्गत मोठ्या स्पर्धेतला १९५५ नंतरचा हा त्यांचा पहिला कप. पहिला गोल केला डॅन बर्नने. तो त्याच भागात, ब्लाइद गावात वाढलेला, लहानपणापासून न्यूकॅसलचा चाहता. त्या दिवशी वेम्ब्लीवर जे म्हातारे रडले, त्यांच्या डोळ्यातलं पाणी खोटं होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्या आनंदाला मी अनैतिक म्हणणार नाही.

मी वेगळं म्हणतोय. आनंद घ्यावा, पण त्याच्या बदल्यात वकिली देऊ नये. मालक चाहत्याकडून पैसे परत मागत नाही, तो हळूहळू वेगळी वसुली करतो. त्याच्याबद्दल कुणी प्रश्न विचारला की चाहता स्वतःहून उत्तर द्यायला धावतो: ‘सगळेच तसे आहेत’, ‘तुम्ही पेट्रोल नाही का भरत?’, ‘राजकारण खेळात आणू नका’. खशोगींबद्दल विचारणारा पत्रकार त्याला क्लबचा शत्रू वाटू लागतो. क्लबवरचं प्रेम मालकाच्या अब्रूची ढाल होतं. हे देणं चाहत्यावर कधीच नव्हतं. न्यूकॅसलच्याच काही चाहत्यांनी ते नाकारलं, संघाला पाठिंबा देत मालकीला उघड विरोध केला. ते थोडे होते, आणि त्यांना आपल्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. पण दोन्ही गोष्टी एका माणसाला एकाच वेळी जमतात, हे त्यांनी दाखवलं.

मालक कसाही असो, चांगला, वाईट की नुसता गैरहजर, प्रश्न एकच आहे. ‘तू किती ओतणार?’ याच्या आधी विचारायचा तो प्रश्न म्हणजे ‘तू कुणाला उत्तर देणार?’ हे न विचारल्याची शिक्षा फक्त रेलिगेशनवर थांबत नाही. ब्लॅकबर्नपासून फार लांब नसलेला बरी हा १८८५ सालचा क्लब. डिसेंबर २०१८ मध्ये तो नव्या मालकाने १ पौंडाला घेतला. संघ त्या मोसमात वरच्या श्रेणीत चढला. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये, क्लब चालवायला पैसा आहे याचा पुरावा देता न आल्याने, त्याला लीगमधूनच काढून टाकण्यात आलं. मैदानावर जिंकलेला संघ कागदावर संपला. इंग्लंडने यातून काही धडा घेतला. जुलै २०२५ मध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणणारा कायदा झाला. मालकांची तपासणी, क्लबच्या आर्थिक शिस्तीवर देखरेख, चाहत्यांशी सल्लामसलत, या गोष्टी आता मर्जीच्या न राहता नियमाच्या होत आहेत. कायद्याने सगळं सुटेल असं नाही. पण चाहत्याला आशेवरून पुन्हा अपेक्षेवर आणायचा तो एक प्रयत्न आहे.

ब्लॅकबर्नची गोष्ट अजून चालूच आहे. गेल्या काही वर्षांत भारतातून क्लबसाठी पैसे पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. त्यामुळे लँकशायरमधले चाहते दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखांच्या बातम्या वाचू लागले. आपल्या संघाला जानेवारीत नवा खेळाडू मिळणार का, हे सात हजार किलोमीटरवरच्या, कधी न पाहिलेल्या कोर्टात ठरू शकतं, ही केवढी असहाय गोष्ट आहे! आपल्याला तारखांची सवय आहे. त्यांना ती नवी होती.

त्या कोंबडीवाल्याचा मला आता राग येत नाही. तो माझ्या गावाची चेष्टा करत नव्हता. क्लब सोडून जाता येत नव्हतं, आणि बोललेलं कुणी ऐकत नव्हतं. तेव्हा निदान पुण्यापर्यंत दिसेल असं काहीतरी त्याने केलं. ते दिसलं. उत्तर आलं की नाही, ते तोच सांगू शकेल.